कंसातली दोन अक्षरं

"मग, मूळ सापडलं म्हणतोस?"

"नुसतं मूळ नाही, गुरुजी. लिंग, विभक्ती, वचन... सगळं." चारुदत्त पेंढरकरानं साठ पानांचा निबंध पुढे ठेवला.

शब्द होता हर्शुनाली. भाषा हित्ती. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर खिळ्यांसारख्या खुणांनी लिहिली जायची. आपल्या संस्कृतची लांबची बहीण म्हणा ना. अख्ख्या जगात हा शब्द एकाच पाटीवर, एकदाच आलेला. त्याचा अर्थ आजवर कुणाला लागला नव्हता, आणि चारुदत्ताला लागला. मग काय विचारता! स्वारीचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

पाच वर्षं त्यानं या एका शब्दावर घातली होती. शुक्रवारी पुण्यात विद्वानांपुढे वीस मिनिटांचं वाचन. ते गाजलं की विद्यापीठातली जागा पक्की. वाईला तो आला होता तो फक्त म्हाताऱ्या गुरुजींकडून पाठ थोपटून घ्यायला.

आगटेशास्त्री ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. निबंधाला त्यांनी हातही लावला नाही.

"मूळ कशावरून ठरवलंस?"

"प्रत्ययावरून."

"आणि प्रत्यय?"

"शेवटच्या दोन अक्षरांवरून. ना आणि ली. सगळी किल्ली तिथंच आहे, गुरुजी. इतक्या लोकांना ती दिसली कशी नाही, याचंच मला नवल वाटतं."

शास्त्री उठले. आतून एक जुना फोटो आणि भिंग घेऊन आले.

"ही ती पाटी. वाच."

चारुदत्त हसला. पाच वर्षांत पाटीचा फोटो बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. छापील प्रतीवरून संगणकात उतरवलेला मजकूर होता की हाताशी.

"हर्... शु..."

"पुढे?"

"पुढे... पाटी तुटलीय."

"मग ना आणि ली?"

चारुदत्ताचा चेहरा खर्रकन उतरला. छापील प्रतीत ती दोन अक्षरं चौकोनी कंसात होती. कंस म्हणजे इथं माती फुटलेली आहे आणि संपादकानं आपल्या अंदाजानं भर घातली आहे. या विद्येतला हा पहिल्या दिवसाचा धडा. पण संगणकात शब्द शोधताना कंस आड यायचे, म्हणून त्यानं एका सकाळी सगळे कंस काढून टाकले होते. पुढे ते तो विसरूनही गेला.

त्याला भयंकर लाज वाटली. आणि लाजेपाठोपाठ राग आला.

"पण असा अंदाज ठोकून देणारा हा दीडशहाणा संपादक कोण? प्रतीवर नुसतं 'संपादक मंडळ' एवढंच आहे."

"मी," शास्त्री म्हणाले. "तिशीत होतो. रिकामी जागा बघवेना."

...

चारुदत्तानं निबंध हळूच मागे ओढून घेतला.

"गुरुजी, आता शुक्रवारी मी काय वाचू?"

"हर्. शु."

"एवढंच? आणि बाकीचा वेळ?"

"गप्प उभा राहा."

"वीस मिनिटं? सगळ्यांसमोर? कसं जमेल मला ते?"

शास्त्रींनी शेंगांनी भरलेलं सूप पुढे ओढलं.

"मला चाळीस वर्षं लागली."