कोनाड्यातलं भिक्षापात्र

डोंगरातल्या लेण्यांत रोज दिवे लागत, तेव्हाची गोष्ट. एक मातीचं भिक्षापात्र भिक्खूंबरोबर दररोज गावात जाई. मग राजानं विहाराला धान्यानं भरलेली भलीमोठी कणगी दिली.

“आता दारोदार हिंडायचं कशाला?” कणगी म्हणाली.

“अगं, घासाबरोबर घरोघरची सुखदुःखंही मिळतात,” पात्र म्हणालं. पण ते कोनाड्यात गेलं ते गेलंच.

पिढ्या सरल्या, राज्य बुडालं, कणगी रिकामी झाली. एक म्हातारे भिक्खू पात्र पुसून गावात आले आणि पहिल्याच दारात उभे राहिले.

“आई, हे कोण गं?” चिमुरडीनं विचारलं.

“परमुलखातले दिसतात, बाळ. भुकेले आहेत, वाढ त्यांना.”

पात्रात गरम भाकरी पडली. पात्र मात्र अंगणातल्या कुंभाराच्या चाकाकडे बघत राहिलं. ते ह्याच चाकावर घडलं होतं.