शेंदराखालचा शब्द

त्या दिवशी पौषातलं धुकं असं दाटलं होतं, की कोंबडा आरवला तरी कोणाच्या घराचा ते कळेना. दवानं वाट ओली झाली होती. त्या धुक्यातून एका गावचा सटवाजी पाथरवट, हातात टाकी आणि हातोडा घेऊन, एकटाच वेशीकडे चालला होता.

वेशीवर छातीइतका उंच एक दगड होता. गाव त्याला वेशीबाबा म्हणायचं. पिढ्यान् पिढ्या त्याला तेल-शेंदूर चढवून दगड दिसेनासा झाला होता. उरला होता तो नुसता तांबडा गोळा. शेंदूर चढवण्यात सटवाजीचाही हात होताच. पण त्याचा आजा एकदा म्हणाला होता, "पोरा, आपल्या मूळपुरुषानं त्या दगडावर राजाचा शब्द कोरलाय. राजानं त्यात आपल्याच हाताला दोरी बांधून घेतलीय म्हणे." शब्द कोणता, ते आज्याला ठाऊक नव्हतं. कोरणाऱ्याला वाचायला कोण शिकवतो?

दर पौषी पुनवेला सुभेदार वेशीवर यायचा, नारळ फोडायचा आणि दगडावर हात ठेवून म्हणायचा, "या दगडाच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही." ही आण घेतल्यावाचून त्याची सुभेदारकी पुढं चालत नसे. लोक 'चांगभलं' म्हणायचे आणि खोबरं घेऊन घरी जायचे.

यंदाचा सुभेदार नवा होता आणि कडक होता. त्याचं घोडं आधी पाणी प्यायचं, मग गावाला विहीर मोकळी. म्हणून राणबा डफवाल्यानं पारावर गाणं म्हटलं:

"घोडं पितंय पहिलं पाणी, घागर राहिली उताणी."

दुसऱ्या दिवशी शिपायांनी राणबाचा डफ फोडला आणि त्याला सुभेदाराच्या गढीत कोंडलं. गुन्हा काय विचारलं, तर म्हणे, "सांगत नाही, जा." वर दवंडी पिटली, की यापुढे कोणतंही गाणं आधी गढीवर म्हणून दाखवायचं, हुकूम मिळाला तर गावात म्हणायचं.

लोक म्हणाले, "राणबाचं तोंडच वाईट." राणबा सटवाजीचा भिंतीला भिंत शेजारी. त्यानं सटवाजीलाही सोडलं नव्हतं. "सटवाजीचं जातं भारी, पिठासंगं खडे चारी," असं तो भर बाजारात गायला होता. तीन वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. खरं सांगायचं तर राणबाला धरून नेलं, त्या दिवशी सटवाजी भाकर चांगली दोन घास जास्त जेवला.

पण आज, पुनवेच्या पहाटे, त्याला जाग आली, ती आवाजानं नव्हे, आवाज नसल्यामुळं. आळीत जाती फिरत होती. घरघर ऐकू येत होती. ओवी मात्र एकाही घरातून येत नव्हती. बायका मुक्यानं दळत होत्या. उभा जन्म जात्यांना टाकी लावण्यात गेला, पण ओवीवाचून फिरणारं जातं सटवाजीनं कधी ऐकलं नव्हतं. 'दोरी राणबाच्या गळ्याला लागली असं मी समजत होतो,' तो मनाशी म्हणाला, 'ती तर आमच्या जात्यापर्यंत आली.'

धुक्याच्या आडोशानं तो शेंदूर सोलू लागला. हलक्या हातानं, कांद्याची साल काढावी तसा. देव कोपला तर? आणि आत काहीच नसलं तर? तरी टाकी चालतच राहिली.

ऊन वर आलं, धुकं विरलं, आणि नारळ घेऊन जमलेल्या लोकांनी सोललेला दगड आणि त्यावरची अक्षरं पाहिली.

"अरे सटव्या! देवाला टाकी लावतोस?" पाटील ओरडला.

"देवाला नाही, पाटील. देवाचा श्वास कोंडला होता, तो मोकळा करतोय."

तेवढ्यात सुभेदार आला. शिपाई पुढं धावले. सटवाजीनं टाकी खाली ठेवली, हात जोडले.

"सरकार, मला धरा. पण आधी एवढं करा. तुम्ही आता इथं हात ठेवून आण घेणार. कशाची घेणार, ते एकदा वाचून होऊ द्या. मी अडाणी. तुमच्या कारकुनाला येतं वाचता."

पिढ्यान् पिढ्या पुजलेला शब्द काय, ते आता गावालाही ऐकायचं होतं. सगळे सुभेदाराकडं बघू लागले. त्यानं नाइलाजानं मान हलवली. कारकून वाकला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागला:

"मी राजा लिहून देतो. माझा अधिकारी रयतेचं तोंड बांधणार नाही. गुन्हा सांगितल्यावाचून, पंचांपुढं उभं केल्यावाचून कोणाला कोंडणार नाही. हे बंधन रयतेवर नाही, माझ्यावर आहे. चंद्र-सूर्य असेपर्यंत..."

कारकून मागं सरला. मागून एक म्हातारी म्हणाली, "ठेवा की हात, सरकार. नारळ खोळंबलाय."

सुभेदारानं गावाकडं पाहिलं, उघड्या अक्षरांकडं पाहिलं. हात ठेवावा तर राणबाला सोडावं लागतं. न ठेवावा तर सुभेदारकी राहत नाही. मग त्यानं हात ठेवला.

दुपारी राणबा घरी आला. शेजारच्या दारात सटवाजी जात्याला टाकी लावत बसला होता.

"सटवाजी," राणबा म्हणाला, "मी तुझी बाजारात अब्रू घेतली. तरी माझ्यासाठी उभा राहिलास?"

"तुझं ते गाणं मला आजही आवडत नाही, राणबा. पण नावडतं गाणं बंद पडलं, तर आवडतं कुठवर टिकणार?"

राणबानं फुटक्या डफावरून हात फिरवला. डोळे पुसले, आणि हसला.

"मग संध्याकाळी पारावर ये," तो म्हणाला. "तुझ्यावरचं दुसरं कडवं अजून गायचं राहिलंय."

तात्पर्य: सत्तेला बांधणारा शब्द नुसता पुजून चालत नाही, तो वाचत राहावा लागतो, आणि न आवडणाऱ्या शेजाऱ्यासाठी तो वापरला, तरच तो आपल्यासाठी शिल्लक राहतो.