विरळ केलेले वन

एकदा असे झाले की, एका उघड्या टेकडीवर सुव्रता नावाच्या शिष्येने गावकऱ्यांच्या मदतीने वन उभे केले. आईच्या मृत्यूनंतर तिने आपले सारे दुःख त्या शिवणीच्या रोपांत ओतले होते. झाडे वाढली, एकमेकांना खेटली. टेकडीवर कुऱ्हाड येऊ द्यायची नाही, असा तिचा निश्चय होता.

एके सकाळी तिचे वृद्ध आचार्यच लाकूडतोड्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "यातली बरीच झाडे काढायची आहेत."

सुव्रता आडवी आली. "आचार्य, हे तुम्ही सांगता?"

आचार्यांनी वाद घातला नाही. ते तिला पलीकडच्या खोऱ्यात घेऊन गेले. तिथे कोळसा झालेली खोडे दाटीवाटीने उभी होती आणि राखेत पाऊल रुतत होते.

"इथल्या लोकांनीही हे वन जिवापाड जपले," आचार्य म्हणाले. "एक फांदी तोडू दिली नाही. दुष्काळात दाटीतल्या एकाही झाडाला पाणी पुरले नाही. सगळी झाडे वाळली, मग वणवा आला. बाळे, झाड हवेतला कर्ब घेऊन त्याचे लाकूड करते. जळले की तोच कर्ब धूर होऊन आकाशात परततो आणि ऊन आणखी तापते. मोजकी झाडे ठेवलीस तर ती जाड होतील, तग धरतील. काढलेल्या लाकडाचे वासे कर. त्यातला कर्ब घराच्या छपरात पिढ्यान्‌पिढ्या राहील."

"आणि मोकळ्या जागेत?"

"कोरड्या मुलखातून अंजनाच्या झाडाचे बी आण. पुढची उन्हे आजच्यासारखी नसतील."

सुव्रता बराच वेळ राखेत बसून रडली. आचार्य शेजारी बसून राहिले. परतल्यावर सावलीत खुरटलेल्या झाडांवर तिने स्वतःच तोडण्यासाठी चुन्याची खूण केली. त्यांचे वासे झाले आणि मोकळ्या जागेत अंजनाचे बी रुजले.

पुढे काही वर्षांनी पावसाने ओढ दिली. वणवा टेकडीवर आला, पण गवत जाळत खालूनच निघून गेला. शिवणी होरपळल्या, तरी उभ्या राहिल्या. अंजनाची काही रोपे गेली. उरलेली बुंध्यातून पुन्हा फुटली.

आचार्यांनी विचारले, "तोडलेल्या झाडांचे अजून वाईट वाटते?"

"वाटते," सुव्रता म्हणाली.

"वाटू दे. ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हाती वन सोपवू नये."