मामंजींचा उतार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणावी, तर तेव्हा गावात ट्रॅक्टर आले होते. परवाची म्हणावी, तर सगुणाक्काला डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी उरलं नाही. तेव्हा मधलं कधीतरी धरा आणि ऐका.

कुसळवाडीत सगुणाक्का नावाची बाई होती. नवरा लवकर गेला. मागे राहिला एक गोठा, त्यात चार-दोन गुरं, आणि सासऱ्यांनी हौसेनं घेतलेला एक जुना ट्रॅक्टर. पुढे सासरेही गेले, ट्रॅक्टर तेवढा राहिला. सकाळी सुरू होताना तो थेट सासऱ्यांसारखा खोकायचा, म्हणून सगुणाक्का त्याला मामंजी म्हणायची. नुसती म्हणायची नाही, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय त्याच्या पुढून जायचीही नाही. गाव हसायचं. हसेना का! कुसळवाडीत हसायला दुसरं होतं तरी काय?

मामंजींची बॅटरी कधीच मेली होती. म्हणून अक्का त्यांना नेहमी उतारावर उभं करायची, तोंड खाली आणि चाकाखाली दगड. सकाळी दगड काढायचा, ट्रॅक्टर आपसूक गडगडायला लागला की गिअर टाकून क्लच सोडायचा. "उठा मामंजी, गुरं उपाशी हायेत," ती म्हणायची, आणि मामंजी खोकत खोकत जागे व्हायचे. दुसऱ्या कुणी दगड काढला तर ट्रॅक्टर उतार संपेपर्यंत जायचा, पण जागा व्हायचा नाही, असं म्हणतात.

त्यालाच पट्टा लावून ती कडबा कापायची, त्याच्यामागे शेणखत ओढायची, लाकडी फळी जोडून वैरणीचं रान सपाट करायची. अवजारंही सगळी दुसऱ्यांनी टाकलेली. कुणाचा वाकलेला नांगर, कुणाचा दात पडलेला कुळव. कुणी काही टाकून देतंय असं कानावर आलं, की अक्का त्याच्या दारात हजर. गोठ्यामागे लोखंडाचा हा ढीग झाला होता.

शेजारच्या रंगरावानं नवाकोरा ट्रॅक्टर आणला, तेव्हा तो म्हणाला, "अक्का, भंगारात घाला की ते आता. रोज उठून उतार हुडकायचा म्हंजे काय जिणं हाय व्हय?"

"उतार गावात फुकट हाय, रंगराव," अक्का म्हणाली. "तुमच्या बॅटरीचं तसं न्हाई."

रंगराव हसला. तो माणूस वाईट नव्हता, फक्त नव्याची नवलाई त्याच्या अंगात आली होती.

मग एक उन्हाळा असा आला, की गावतळ्यात मधोमध थोडंसं पाणी उरलं आणि त्याच्याभोवती नुसता गाळ. वरून सुकलेला दिसायचा, आत मात्र लोण्यासारखा. एका दुपारी गुराख्याचा डोळा लागला आणि तहानलेली गुरं बांध ओलांडून तळ्यात शिरली. पोटापर्यंत रुतली. हंबरडा असा उठला, की माणसं जेवणावरून उठून पळत आली. सगळ्यांत पुढे, पाण्याच्या कडेला, रुतली होती सगुणाक्काची गाभण चंद्री. त्या एका गाईच्या दुधावर अक्काची चूल पेटायची. ती गेली तर अक्काला गोठा मोडावा लागणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

रंगरावानं मागचापुढचा विचार न करता नवा ट्रॅक्टर तळ्यात घातला. गुरांपर्यंत पोचायच्या आतच तो चाकं बुडेपर्यंत खाली गेला. आता गुरांबरोबर ट्रॅक्टरही रुतला. रंगराव डोकं धरून बसला.

अक्का तळ्यात उतरलीच नाही. तिनं मामंजींना बांधावर चढवलं आणि तोंड बाहेरच्या बाजूला, उताराकडे केलं. मागे लांब दोर बांधला. बांधाच्या माथ्यावर ओली पोती टाकली, म्हणजे दोर घासू नये. दुसऱ्या टोकाला वैरणीच्या रानातली फळी. गडी गाळात सरपटत गेले, फळी जनावराच्या पोटाखाली सारली, दोर आवळला. अक्का मामंजींना घेऊन उतारानं खाली गेली आणि तळ्यातून पहिली म्हैस फळीवर बसून घसरत बाहेर आली. कुणा देवीची पालखीच जणू! पुन्हा मागे बांधावर, पुन्हा खाली. कडेची आधी, मग आतली. दुपार कलली, तरी मामंजी थांबले नाहीत. त्या दिवशी ते एकदाही खोकले नाहीत, असं म्हणतात.

शेवटी राहिली चंद्री. ती आता हंबरतही नव्हती, मान गाळावर टेकली होती. मामंजी मागे सरकत बांधावर चढले, आणि माथ्यावर पोचताच आत काहीतरी कडाडलं. धूर आला. इंजिन जागच्या जागी जाम झालं. रंगरावानं धावत चाकाखाली दगड लावला.

अक्का खाली उतरली, पदर सावरून ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पण ती बोलली ते रंगरावाशी.

"माझ्या गोठ्यामागं लोखंड पडलंय. सगळं आणा."

"आता त्याचं काय करता, अक्का?"

"मामंजी दमल्यात. उतार न्हाई दमला."

ते ऐकलं आणि गाव पळालं. वाकलेला नांगर आला, कुळव आला, ज्यांनी जे टाकलं होतं तेच ते खांद्यावर घेऊन आले. मामंजींवर चढवून सारं बांधून टाकलं. ट्रॅक्टर कसला, लोखंडाची टेकडीच झाली. अक्का वर बसली. गिअर मोकळा केला.

"अक्का, ब्रेक धरंल का?" रंगरावानं विचारलं.

"धरायचाय कुणाला? काढा दगड."

रंगरावानं दगड काढला. मामंजी बिनआवाजाचे निघाले. दोर ताणला, कण्हला, आणि तळ्यात गाळ सुटल्याचा मोठा आवाज झाला. चंद्री फळीवरून बांधाच्या पायथ्याशी आली. इकडे मामंजी उतारावरून सुटले ते खालच्या नांगरटीत जाऊन टेकले. अक्का वरून उतरली तेव्हा तिला खरचटलंही नव्हतं. उतारभर कुणीतरी म्हातारं माणूस "जपून, सूनबाई" म्हणत होतं, आणि ते तळ्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं, असं म्हणतात. तुम्ही मानू नका. कुसळवाडी मानते.

चंद्रीला त्याच पंधरवड्यात कालवड झाली. आजही गावात कुणाची गाय दुधाला चांगली निघाली, की ती चंद्रीच्या वळणाची, असं सांगतात. मामंजी मात्र पुन्हा सुरू झाले नाहीत. ते त्या नांगरटीतच उभे आहेत. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग त्यांच्या बॉनेटला लागतो, पुढ्यात पुरणपोळी ठेवतात, आणि गावात आलेली नवी सून पहिल्यांदा तिथून जाताना डोक्यावर पदर घेते.

आणि कुसळवाडीत ट्रॅक्टर कितीही नवा असो, किल्ली फिरवताच गुरगुरणारा असो, तो रात्री उतारावरच लावतात, तोंड खाली, चाकाखाली दगड. ही चाल पाडली रंगरावानं. गाळ सुकल्यावर त्याचा ट्रॅक्टर निघाला, त्या संध्याकाळी त्यानं तो घरी न नेता थेट बांधावर नेऊन उभा केला होता. अजूनही एखाद्या सकाळी कुणाची बॅटरी दगा देते. तेव्हा तो माणूस चिडत नाही. हसून खाली वाकतो, दगड काढतो आणि म्हणतो, "उठा मामंजी, गुरं उपाशी हायेत."