डोहाळा कोणाचा?

पूर्वी कुंभवती नगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाचा जन्म मोहाची दारू गाळणाऱ्याच्या घरी झाला. बोधिसत्त्व चांगलीच घरे निवडून जन्म घेतो असे कोणाला वाटत असेल, तर त्याने हे लक्षात ठेवावे. त्याचे नाव उपसेन. नगरीत दारू गाळण्याचा हक्क त्या एकाच घराण्याला होता, त्यामुळे त्याची भट्टी कधी विझत नसे आणि गिऱ्हाईक कधी तुटत नसे.

त्या नगरीत एक चाल होती. गरोदर बाईने डोहाळे म्हणून काही मागितले, तर दुकानदाराने नाही म्हणायचे नाही. डोहाळा अडला की मूल लाळगळे होते, असे सगळे मानीत. चाल प्रेमाचीच होती, पण प्रेमाच्या चालीलाही पळवाट फुटते.

उपसेनाच्या शेजारी रंगाऱ्याचे घर होते. त्या घरची सून केतका दिवसभर निळीच्या हौदात गुडघाभर पाण्यात उभी राही, आणि पाय ठणकू लागले की घोटभर दारू घेई. घोटाचा पेला झाला, पेल्याचा लोटा झाला. तिचे पहिले मूल जन्मले ते हलके, थरथरते, दूध ओढायचे बळ नसलेले. अकराव्या दिवशी ते गेले. दुसऱ्याच दिवशी त्याचे बारसे व्हायचे होते. दृष्ट लागली, असे सासूने ठरवले. केतकेने काहीच ठरवले नाही, फक्त पूर्वी एकदा भरणारा लोटा आता दोनदा भरू लागला. आणि आता ती पुन्हा दोन जिवांची होती.

एका सकाळी तिची सासू वसुला भट्टीवर आली. “सुनेला डोहाळे लागलेत, उपसेना. काठोकाठ भर हो.”

उपसेन लोटा भरू लागला. तेवढ्यात त्याची शेळी आंबलेल्या फुलांच्या चोथ्याकडे वळली. त्याने मोकळ्या हाताने काठी उगारली. “हाड! गाभण आहे हो मावशी ती. मागल्या खेपेला चोथा खाल्ला, तर करडू पायावर उभंच राहिलं नाही.”

बोलून झाल्यावर त्याने स्वतःचेच बोलणे ऐकले. एका हाताने तो शेळीला आवरीत होता आणि दुसऱ्या हाताने केतकेचा लोटा भरीत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने लोटा पुन्हा रांजणात ओतला.

“आजपासून नाही, मावशी.”

“डोहाळे अडवतोस? मूल लाळगळं झालं तर?”

“लाळ पुसता येईल,” उपसेन म्हणाला.

वसुला तडक राजाकडे गेली. राजाने उपसेनाला बोलावून कारण विचारले. उपसेन म्हणाला, “महाराज, डोहाळा गर्भाबरोबर येतो आणि बाळंतपणाबरोबर जातो. ही तहान गर्भाच्या आधीपासून घरात आहे. तिला डोहाळा कसं म्हणू?”

राजाला ते पटले. पण चाल मोडायला राजेही भितात. तो म्हणाला, “डोहाळा पुरव, नाहीतर भट्टी विझव.”

“विझवतो,” उपसेन म्हणाला, आणि घरी जाऊन त्याने जाळावर पाणी ओतले.

मग सगळ्या नगरीला केतकेच्या डोहाळ्यांची काळजी लागली. ज्यांनी तिला कधी पाणी विचारले नव्हते, तेही उपसेनाच्या दारात येऊन तिच्या बाळासाठी हळहळू लागले. उपसेन त्यांना बसायला घोंगडी देई आणि प्यायला ताक देई.

नगरीतल्या वृद्ध वैद्याने मात्र त्याला बजावले, “एकदम तोडलीस तर ती कोसळेल, पोटातलंही जाईल. उरलेलं मडकं माझ्याकडे दे.” वैद्याने दररोज स्वतः बसून तिला उतरत्या मापाने दारू दिली, आणि एक दिवस माप संपले.

माप संपले तरी तहान संपली नव्हती. एका दुपारी केतका थंड भट्टीपाशी येऊन रिकाम्या मडक्यात बोट फिरवताना उपसेनाला दिसली. तो रागावला नाही. त्याने विचारले, “पोटातलं मागतंय का, केतके?”

तिने बोट मडक्यातून बाहेर काढले. मग म्हणाली, “नाही, दादा. ते काहीच मागत नाही. मीच मागते. पहिल्या वेळीही मीच मागत होते.” आणि ती रडली.

“त्या वेळचे लोटे मीच भरले होते,” उपसेन म्हणाला.

केतकेने डोळे पुसले आणि सोबत आणलेला लोटा त्याच्या हातात दिला. “हा ठेवा. मी पाया पडले तरी परत देऊ नका.”

ती पाया पडली. तिने शिव्याही दिल्या. उपसेनाने लोटा दिला नाही. पुढे ती येई, भिंतीला टेकून बसे, आणि न मागता उठून जाई. ते पाहून एक दिवस वसुलेने पदर खोचला आणि हौदात सुनेच्या जागी उभी राहिली.

मुलगी झाली. हलकीच होती. वैद्य म्हणाला, “आधीच्या महिन्यांत जे पोचलं असेल ते पुढं कळेल. पण ही दूध ओढतेय.” बाराव्या दिवशी तिचे नाव ध्रुवा ठेवले. बारशाला उपसेनाने लोटा परत आणला. त्यात शेळीचे दूध होते. भट्टी पुन्हा पेटली, पण तिच्यावर मोहाच्या फुलांचा गोड पाक शिजू लागला.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे विहारात ही कथा सांगणारे बुद्ध, श्रोत्यांना म्हणाले, “त्या वेळची वसुला म्हणजे विहाराच्या दारात पाणी देणारी ही म्हातारी. ध्रुवा म्हणजे तिच्याशेजारी बसलेली तरुण भिक्षुणी. केतका म्हणजे काल संघात प्रवेश मागायला आलेली ती स्त्री, जिच्या पूर्वायुष्याबद्दल तुम्ही कुजबुजत होता. आणि दारू गाळणारा तो मीच.”

“आणि ते अकरा दिवसांचं बाळ?” एकाने विचारले.

शास्ता म्हणाले, “ते नाव ठेवायच्या आधीच गेले. कोणतीही दोन जिवांची स्त्री दिसली, की तेच परत येत आहे असे समजा.”

मग ते म्हणाले, “मी भट्टी एकदाच विझवली. केतकेला मात्र ती दररोज विझवावी लागली. केलेला निश्चय न सोडण्याच्या या गुणाला अधिष्ठान म्हणतात. त्या जन्मी मी तो तिच्याकडून शिकलो.”