विहिरीतला तोफगोळा

“पण उस्ताद, हात लावायचाच नाही, तर तो जिवंत आहे की मेलेला, हे कळणार कसं?”

नाईक मल्हारी डोंगरदिवे विहिरीच्या काठावर उभा राहून विचारत होता. लष्कराच्या बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात तो नवा होता. प्रशिक्षणात पहिला आला होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

सुभेदार कासम मुजावर काठाशी पालथे पडून खाली पाहत होते. अर्धा तास झाला होता. पथकातले सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

“नाही कळणार,” ते म्हणाले.

विहीर अजून बांधलेली नव्हती. माळावरच्या त्या वस्तीने चार महिने हातांनी खोदली होती. पंचविसाव्या फुटाला पाणी पाझरलं, आणि दुसऱ्याच दिवशी कुदळ लोखंडावर वाजली. मातीच्या भिंतीतून तोफगोळ्याचं गंजलेलं बूड बाहेर आलं होतं. महायुद्धाच्या काळात गोरे सैनिक या माळावर तोफा डागायला शिकत. त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली होती.

उस्ताद उठले.

“हलवायचा नाही. आहे तिथंच उडवायचा.”

“साहेब…” खोदकाम जिच्या पुढाकाराने झालं, ती शेवंताबाई पुढे आली. “आत उडवला तर विहीर बुजंल.”

“बुजेल, बाई.”

“पाणी दोन कोसांवर हाय. माझी सून भरल्या दिवसांची, हंडा घेऊन घसरली. लेकरू गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथं पहिली कुदळ मारली.”

उस्तादांनी पुन्हा एकदा विहिरीत पाहिलं.

मल्हारीला राहवलं नाही. “मी उतरतो. दहा मिनिटांत वर आणतो. इतक्या जुन्या गोळ्यांतले निम्मे तर फुसकेच असतात!”

“आणि उरलेले निम्मे?”

“…माझ्या जिवाचं मी बघेन, उस्ताद.” त्याने शिडीवर पाय ठेवलासुद्धा.

“वर ये.”

तो वर आला. उस्तादांनी एक-एक पायरी हातात घेत अख्खी शिडी वर ओढली आणि जमिनीवर आडवी ठेवली.

वस्ती रिकामी केली. माणसं, गुरं, अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा, सगळ्यांना टेकडीपलीकडे नेलं. मग उस्तादांनी शिडी पुन्हा सोडली आणि एकटेच खाली गेले. गोळ्याला न हलवता त्याच्याशेजारी सुरुंग ठेवला, वाळूची पोती रचली, आणि वर आले.

भर दुपारी स्फोट झाला.

आवाज लहान आला. टेकडीआड बसलेल्यांना तो मोठाच वाटला. तो नुसत्या सुरुंगाचा होता, हे उस्तादांनी मात्र ओळखलं आणि डोळे मिटून घेतले.

विहीर बसली होती. चारही बाजूंची माती आत कोसळली होती. ढिगाऱ्यात मल्हारीला गोळ्याचं एक जाड शकल सापडलं. त्याच्या पोकळीत दारू नव्हती. सरावासाठी भरलेली वाळू होती, दगडासारखी घट्ट झालेली.

शेवंताबाईने ते शकल हातात घेतलं.

“यात काईच नव्हतं?”

मल्हारीने मान फिरवली.

“नव्हतं, बाई,” उस्ताद म्हणाले. “नुसती वाळू होती.”

“म्हंजी उचलून नेता आला असता…”

“आला असता.”

ती ओरडली नाही. शकल तिने उस्तादांच्या पायाशी टाकलं आणि मातीच्या ढिगाऱ्यासमोर बसून राहिली.

पथकाने सगळी जागा पुन्हा तपासली. ते झाल्यावर उस्तादांनी टोपी काढली, बाह्या वर केल्या आणि शेवंताबाईजवळच्या फावड्याला हात घातला. तिने दांडा सोडला नाही. तेही ओढेनात. दोघं तशीच थांबली…

मग तिने दांडा सोडला.

उस्ताद माती उपसू लागले. थोड्या वेळाने मल्हारीही घमेलं घेऊन आला. घमेल्यामागून घमेलं रिकामं होत राहिलं.

“तुम्ही चुकलात, उस्ताद.”

“हो.”

“मी म्हणत होतो, तसा तो फुसकाच निघाला.”

“हो.”

“उद्या असाच दुसरा सापडला तर?”

“असाच उडवीन.”

“आणि तोही वाळूचा निघाला तर?”

उस्तादांनी फावडं मातीत रोवलं. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. टेकडीवरून माणसं परत येत होती, एकामागून एक. ती सगळी उतरून येईपर्यंत ते तिकडेच पाहत राहिले…

“असं चुकायला शीक, मल्हारी.”