आधी भोपळा, मग महाराज

"उद्या दुपारी माझा मुतखडा याच नळीने काढा. जमत नसेल तर राज्य सोडा," भुजंगराजाने राजवैद्य अनंतशास्त्र्यांना बजावलं.

आदल्या दिवशी एका परदेशी वैद्याने ज्वारीच्या दाण्याएवढ्या छिद्रातून पितळी नळी घालून एका व्यापाऱ्याचा खडा काढला होता. व्यापारी संध्याकाळी चालत घरी गेला! तेव्हापासून राजाला नळीचं वेड लागलं होतं. पण परक्याच्या हाती तो पोट द्यायला तयार नव्हता.

शास्त्र्यांनी तर तोवर नळी हातातही धरली नव्हती. नळी घेऊन घरी आल्यावर ते डोकं धरून बसले. त्यांच्याकडे औषधं कुटणारी गिरजा म्हणाली, "हो म्हणून कळवा, बुवा. बाकीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी तिने दरबारात भोपळे आणून ठेवले.

"महाराज, हे आपलं पोट समजा. आत बकऱ्याचं मूत्राशय पाणी भरून ठेवलंय, त्यात खडा आहे. बुवा आधी हा काढतील."

शास्त्र्यांनी नळी घातली. टोक भोपळ्याच्या पलीकडून बाहेर आलं आणि सिंहासनापुढे पाणी पसरलं.

"नळी आपल्या आरपार गेली, महाराज," गिरजा नम्रपणे म्हणाली.

राजाचा हात नकळत पोटावर गेला. "दुसरा घ्या."

दुसराही फाटला. तिसऱ्यात खडा सापडेचना.

"मग कैद्यांवर हात बसवा," राजा चिडून म्हणाला.

"बसवू की. फक्त आधी त्यांना हे तीन भोपळे दाखवू. पाहूनही जो हो म्हणेल, त्यालाच घेऊ."

राजाने कैद्यांचा नाद सोडला. "म्हणजे नवं काही करायचंच नाही?"

"करायचं ना. त्या परदेशी वैद्यांना वर्षभर ठेवून घ्या. ते शेजारी उभे राहतील, बुवा शिकतील. काय काय बिघडलं ते सगळं मी लिहून ठेवीन. तोवर आपला खडा जुन्या रीतीने निघू दे. चीर मोठी पडेल, पण त्यात बुवांचा हात तीस वर्षं बसलेला आहे."

"आणि नळीसाठी थांबलो, तर माझी पाळी कधी?"

"बुवा स्वतःच्या आईवर नळी चालवतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"महाराज," शास्त्री हळूच म्हणाले, "आईने काल रात्री नळी पाहिली आणि मला घराबाहेर काढलं."

राजा हसत सुटला, खडा टोचला म्हणून कळवळला, पुन्हा हसला.

"माझा खडा जुन्या रीतीनेच काढा. परदेशी वैद्यांना ठेवून घ्या, राजबागेतले सगळे भोपळे बुवांकडे पोचवा," तो डोळे पुसत म्हणाला, "आणि आणखी एक नळी घडवा. ही पोरगी आता औषधं कुटायची नाही, बुवांच्या शेजारी बसून शिकायची!"